आमिषाचा रकाना

रमाकांत कर्णिकांना राग येतो, असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच असतो. बाहेर जातो तो फक्त दुपारी दोन ते साडेतीन, कर्णिक झोपतात तेवढ्यापुरता. वय चौसष्ट, बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीत स्वतःचं बैठं घर, गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवायचा छोटा कारखाना, आणि सरकार नावाच्या वस्तूशी चाळीस वर्षांचं उभं वैर. आजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा वडील नव्या सरकारात कारकून झाले. दोन पिढ्यांनी सरकारचं मीठ खाल्लं आणि त्याचा खारटपणा तिसऱ्या पिढीच्या तोंडात उतरला.

कारखान्यात आजवर जेवढे इन्स्पेक्टर आले, त्यातल्या एकालाही कर्णिकांनी चहा पाजला नाही. पाणी पाजलं, कारण तहानलेल्याला पाणी द्यायचं असतं, पण चहा नाही. दर रविवारी संध्याकाळी समाच्या बागेत पाच म्हाताऱ्यांचा कट्टा भरायचा, त्याला कर्णिकांनी ‘मुक्त कट्टा’ असं नाव दिलं होतं आणि तिथे बोलायचे मात्र एकटे कर्णिक. बोलणं ठरलेलं. माणूस स्वतःचा मालक आहे. स्वतःच्या देहाचा, घामाचा आणि मनाचा. जो जबरदस्ती करतो तो चोर, मग त्याच्या डोक्यावर टोपी असो की मुकुट. आणि मी आजवर जो काही झालो, तो कुणाच्या मेहेरबानीने नाही, माझ्या मरजीने झालो. हे शेवटचं वाक्य ते उभं राहून म्हणायचे.

असा हा माणूस एका रविवारी ख्रिस्ती होतो म्हणाला, तेव्हा कट्ट्यावरचे जनार्दन वैद्य हातातला शेंगांचा पुडा तसाच धरून बसले.

“मालक होतास ना रे तू?” वैद्य म्हणाले. “मग आता गुलाम व्हायची हौस कुठून आली?”

“एका धन्यापुढे गुडघे टेकले की बाकी कुणापुढे टेकावे लागत नाहीत,” कर्णिक म्हणाले. “तुला नाही कळायचं. तू पेन्शनर.”

पण खरं कारण हे नव्हतं. ते कर्णिकांनी कट्ट्यावर कधी सांगितलं नाही, कारण सांगताना आवाज चढवता आला नसता.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, अहल्याबाईंना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कर्णिकांनी पगारी नर्स ठेवली, ती त्यांच्या तोंडाला कंटाळून तिसऱ्या दिवशी पळाली. मुलगी मोहना कॉलेजात शिकवते, तिची सकाळची लेक्चरं. चौथ्या दिवशी सकाळी सातला दारात एक ठेंगणी, सावळी, पांढऱ्या साडीतली बाई उभी. इंदिराबाई साळवे. निवृत्त नर्स, राहणार गोरवा. मुलगा सलील तिथल्याच एका लहानशा ख्रिस्ती प्रार्थनाघराचा पाळक. कर्णिकांच्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक जण त्या प्रार्थनाघरात जायचा, त्याच्याकडून तिला कळलं होतं.

इंदिराबाई चार महिने रोज आल्या. बस बदलून यायच्या. अहल्याबाईंना न्हाऊ घालायचं, कूस बदलून द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावायचं, वेणी घालायची. कर्णिकांनी पहिल्या आठवड्यात पाकीट पुढे केलं, ते त्यांनी घडी न मोडता फ्रिजवर ठेवून दिलं. पंधरा दिवसांनी कर्णिकांना राहवलं नाही.

“तुम्ही का येता?”

“यावंसं वाटतं.”

“तुमच्या चर्चने पाठवलंय का? कुणी सांगितलंय का तुम्हाला?”

“सांगितलं असतं तर आले नसते,” इंदिराबाई म्हणाल्या आणि गरम पाण्याची बादली उचलून आत गेल्या.

कर्णिक तिथेच खुर्चीत बसले. ज्या माणसावर ते चाळीस वर्षं व्याख्यानं झोडत होते, कुणाच्या हुकमाने न चालणारा, कुणाला न भिणारा, स्वतःच्या मरजीने उठणारा आणि बसणारा माणूस, तो त्यांनी आजपर्यंत पाहिलेला नव्हता. आरशातही नव्हता. आणि तो आता त्यांच्या न्हाणीघरात बादली विसळत होता. कर्णिकांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना राग येतो, म्हणून त्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला उगाच झापलं.

अहल्याबाई गेल्या. नंतर कर्णिक रविवारी सकाळी गोरव्याच्या प्रार्थनाघरात जाऊन मागच्या बाकावर बसू लागले. घरातलं देवघर जिथल्या तिथे राहिलं. तिथे मोहना रोज दिवा लावायची आणि कर्णिक तिला काडेपेटी शोधून द्यायचे. ज्याचं मन, त्याचा देव. तेवढं तत्त्व तरी ते घरात पाळत होते.

प्रार्थनाघरातही त्यांनी वाद सोडला नाही. सलील अडतिशीचा, शांत, आजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून नगरहून बडोद्याला आलेले. त्याने एकदा राजाच्या नाण्याची गोष्ट काढली. नाण्यावर राजाचं तोंड, म्हणून राजाचं राजाला द्यावं. कर्णिक मागून गरजले, “बरोबर! नाण्यावर राजाचं तोंड, म्हणून नाणं राजाचं. आणि माझ्यावर कुणाचं तोंड कोरलंय? मग मी राजाचा कसा?” सलील हसला आणि म्हणाला, काका, आज प्रवचन तुम्हीच केलंत.

दुसऱ्यांदा मात्र कुणी हसलं नाही. त्या दिवशी प्रभूला पकडून नेल्यावर अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या त्या शिष्याची गोष्ट होती. तू त्याच्याबरोबरचा ना, असं लोकांनी तीनदा विचारलं, आणि तीनदा तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. “पळपुटा!” कर्णिक सगळ्यांच्या देखत उभे राहिले. “ज्याचं अन्न खाल्लं त्याला ओळखत नाही म्हणतो? मी असतो तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, हो, ओळखतो, घाला फाशी!” पुढच्या बाकावर इंदिराबाई होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

मग बाप्तिस्म्याचा विषय निघाला.

“अर्ज करावा लागेल, काका,” सलील म्हणाला.

“कुणाला?”

“जिल्हा दंडाधिकाऱ्यांना. गुजरातेत धर्म बदलायचा तर आधी त्यांची लेखी परवानगी लागते. अर्ज विधी करणाऱ्याने करायचा. मग पोलीस चौकशीला येतात. जबरदस्ती नाही ना, फसवणूक नाही ना, आमिष नाही ना, हे बघतात. मग साहेब हो म्हणतात.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

कर्णिकांचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. “म्हणजे मी देवाकडे जायचं, आणि वाटेत मामलेदाराचा नाका? शाळेत करंगळी दाखवून विचारायचो ना, सर, जाऊ का, तसं चौसष्टाव्या वर्षी विचारायचं? चौकशी करणारा कोण, तर हवालदार! हवालदार माझ्या आत्म्यात बॅटरी मारून बघणार! मी कसलाही अर्ज करणार नाही आणि कशावरही सही करणार नाही. तू मला पाण्यात बुडव आणि वर काढ. बस.”

“तुमचं फार काही होणार नाही, काका. तुरुंग बुडवणाऱ्याला आहे.”

“मग जा की! तुमचे लोक धर्मासाठी सिंहापुढे गेले, असं तूच सांगतोस ना?”

आता सलीललाही राग आला. शांत माणसाचा राग, आवाज खाली नेणारा. “सिंहापुढे आपण जायचं असतं, काका. दुसऱ्याला ढकलायचं नसतं.”

कर्णिक चपला घालून निघून गेले. एक चप्पल उलटी पडली होती, तीही तशीच घालायचा त्यांनी प्रयत्न केला.

दोन दिवस घरात भांड्यांचासुद्धा आवाज करायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे कर्णिकांच्या डोक्यात प्रकाश पडला. कायदा कुणाला धरतो? बुडवणाऱ्याला. आणि बुडवणारा नसलाच तर? त्यांनी मोहनाला उठवलं, गाडी काढायला लावली आणि बाप-लेक सिंधरोटला मही नदीच्या काठी पोचले. विश्वामित्री नदी घरापासून जवळ होती, पण तिथल्या मगरी माणसाला श्रद्धा विचारत बसत नाहीत. कर्णिक गुडघाभर पाण्यातून कमरेएवढ्या पाण्यात गेले, आकाशाकडे पाहून मोठ्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नावं घेतली आणि तीनदा बुडी मारली. मोहना काठावर टॉवेल घेऊन उभी होती. ओल्या हातांनीच त्यांनी सलीलला फोन लावला.

“झालं! ना पाळक, ना परवानगी, ना गुन्हा. बोल आता.”

पलीकडे सलीलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, ते स्नान झालं.”

“काय म्हणालास?”

“स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः घेता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो.”

“हा कुठला नियम? मी माझा मालक आहे!”

फोनवर हातबदल झाला. इंदिराबाईंचा आवाज आला. “भाऊ, अहल्याताईंची कूस मी बदलून द्यायचे. त्यांची त्यांना बदलता येत नव्हती. तसंच आहे हे. आणि ओल्या कपड्यांनी बसू नका, छाती भरेल.”

परतताना गाडीत कर्णिक एक शब्द बोलले नाहीत. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता, असं मोहना नंतर सांगायची.

आठवड्याने त्यांनी सलीलला निरोप पाठवला. अर्ज तुझा, तू कर. माझ्याकडून सही मिळणार नाही, शब्द मिळणार नाही. एवढी माघारही त्यांना फार मोठी वाटली. सलीलने स्वतःच्या नावाने अर्ज केला.

महिन्याभराने परमार नावाचे फौजदार घरी आले. माणूस सभ्य होता. बूट बाहेर काढले, मोहनाने दिलेलं पाणी बसून प्यायले आणि मांडीवर फाइल उघडली.

“काका, बेच मिनिट, दोनच. तुम्ही मराठी लोक सीधं बोलता, मला माहीत छे. हे सगळं तुमच्या मरजीने ना?”

“सांगणार नाही,” कर्णिक म्हणाले.

परमारना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “हो किंवा ना, एवढंच बोला ने.”

“हो सांगणार नाही, नाही सांगणार नाही. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते तुम्हाला देणार नाही. तुमच्या बापाचा नोकर नाही मी. माझ्या मनात कोण राहतं हे विचारायचा हक्क कुणी दिला तुम्हाला? घराचा नकाशा मागा, देतो. मनाचा मागू नका!”

“काका, हे तुमच्याच रक्षणासाठी…”

“माझं रक्षण मी करीन! उठा!”

परमारनी कर्णिकांकडे एकदा नीट पाहिलं. राग राग करून दार दाखवणारा म्हातारा आणि मागे घाबरलेली मुलगी. त्यांनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली, “सारू, काका” म्हणाले आणि बूट घालून गेले. कर्णिकांनी त्या दुपारी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

“बाबा, हो म्हणायला काय जात होतं?” मोहनाने विचारलं.

“तत्त्व जात होतं.”

त्या एका ओळीचा अर्थ तीन आठवड्यांनी कळला. सकाळी अकराच्या सुमारास मोहना कॉलेजातून मधेच घरी आली, पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाली, “सलीलदादाला चौकीवर बसवलंय. सकाळी सातपासून. फोन काढून घेतलाय. इंदिरामावशी बाहेर बाकावर बसून आहेत.”

“कशाबद्दल?”

“तुमच्याबद्दल. परमारनी लिहिलं होतं, ही व्यक्ती आपल्या मरजीबद्दल बोलायला तयार नाही, दबावाखाली असण्याची शक्यता.”

“मी? दबावाखाली?” कर्णिक ओरडले. उभ्या आयुष्यात त्यांचा इतका मोठा अपमान झाला नव्हता. सबंध बडोद्यात दबावाखाली नसलेला एकच माणूस शोधायचा म्हटलं असतं, तर पोलिसांना समाशिवाय कुठे जावं लागलं नसतं. आणि त्यालाच कागदावर दाबलेला ठरवला होता! बोलणार नाही म्हटलं तर म्हणे भ्यायला. कर्णिक खोलीत येरझारा घालू लागले. चौकीचा, कायद्याचा, परमारचा, परमारच्या बुटांचा उद्धार झाला.

मोहनाने तो ऐकून घेतला आणि मग तिने आवाज चढवला. बापाचीच मुलगी ती.

“बास! परमारला कशाला शिव्या देता? तो विचारायला आला होता. हो एवढा एक शब्द हवा होता त्याला. तुम्ही तुमचं तत्त्व सांभाळलंत आणि आत बसलाय तो! मी काही ख्रिस्ती नाही, होणारही नाही. देवाला दिवा मी लावते, तुम्ही मला कधी अडवलं नाहीत, मी तुम्हाला अडवलं नाही. कायदा मलाही पटत नाही. पण जिने माझ्या आईचं हगणंमुतणं काढलं, तिचा मुलगा तुमच्या तोंडामुळे चौकीत बसलाय, आणि तुम्हाला राग कशाचा आलाय, तर तुम्हाला घाबरट म्हटलं याचा!”

कर्णिक थांबले.  त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

चौकीच्या बाहेर, खिडकीखालच्या लाकडी बाकावर इंदिराबाई बसल्या होत्या. गुडघे धरून. शेजारी डब्याची पिशवी. सलीलसाठी आणलेला डबा तसाच होता. कर्णिकांना पाहून त्या उठल्या नाहीत.

“आलात,” त्या म्हणाल्या. “आता माझं ऐका, भाऊ. आत माझ्याबद्दल विचारतील. आजारपणात घरी येत होते का, काही केलं का. नाही म्हणून सांगा.”

“का म्हणून? चोरी केली का तुम्ही?”

“फुकट सेवा केली की ते आमिष धरतात. सलीलला सकाळपासून तेच विचारतायत. आई त्यांच्या घरी जायची का. नाही म्हणा. मला ओळखत नाही म्हणा. समजलं?”

“मी खोटं बोलणार नाही.”

“मग तो आतच राहील,” इंदिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

आत परमारनी खुर्ची पुढे केली. सलील मागच्या खोलीत होता, त्याची फक्त पाठ दिसत होती. परमारनी मराठीत टाइप केलेला एक कागद टेबलावर सरकवला. जबाब. वर नाव, वय, पत्ता. खाली ओळी. कर्णिकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“मी हा निर्णय सर्वस्वी स्वतःच्या मरजीने, कोणाच्याही मदतीशिवाय, मेहेरबानीशिवाय अथवा प्रभावाशिवाय घेतला असून…”

ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. हे तर त्यांचंच होतं. कट्ट्यावर उभं राहून म्हणायचं वाक्य. चाळीस वर्षं जे त्यांनी सरकारच्या तोंडावर फेकलं, तेच आज सरकारने टाइप करून, तारीख घालून त्यांच्यापुढे ठेवलं होतं आणि म्हणत होतं, घे, कर सही. आणि ते धडधडीत खोटं होतं. स्वतःहून काहीसुद्धा घडलेलं नव्हतं. चार महिने एक बाई बस बदलून आली नसती, तर रमाकांत कर्णिक अजून बागेत बसून शेंगा खात भाषणं देत असते. जबरदस्ती कुणी केली नव्हती, हे खरं. पण मेहेरबानी? ती तर गळ्यापर्यंत आली होती. जबरदस्तीचं आणि मेहेरबानीचं तोंडही एकमेकांसारखं नाही, आणि या गाढव कागदाने दोघींना एकाच रकान्यात कोंबलं होतं. कर्णिकांना वाटलं, कागद फाडावा, टेबलावर चढावं आणि ओरडून सांगावं, हो, सेवा केली तिने, माझ्या बायकोला न्हाऊ घातलं, लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या सगळ्या सरकारने मिळून माझ्यासाठी जेवढं केलं नाही तेवढं या एका बाईने केलं!

मागच्या खोलीत सलीलने बसल्या बसल्या मान खाली घातली होती.

“काका,” परमार म्हणाले, “जबरदस्ती?”

“नाही.”

“फसवणूक?”

“नाही.” इथपर्यंत सगळं खरं होतं.

“आता आमिष. लालच. तुमच्या घरी आजारपण होतं ना? तेव्हा या लोकांपैकी कोणी घरी येत होतं?”

खिडकी उघडी होती. खिडकीखाली पांढऱ्या साडीचा पदर दिसत होता.

“नाही,” कर्णिक म्हणाले. “मुलगी होती. मी होतो.”

“तुमच्या पत्नीची सेवा कोणी केली? कोणी नर्स?”

“ठेवली होती. तीन दिवसांत पळाली. नंतर कोणी नाही.”

परमारनी मान वर केली. त्यांना बहुतेक सगळं ठाऊक होतं. तेही बाहेर बाकावर बसलेल्या बाईकडे सकाळपासून पाहत होते. पण त्यांना कागद भरायचा होता, आणि वाईट माणूस नव्हते ते. “छेल्लो सवाल, काका, शेवटचा. इंदिराबेन साळवे. त्यांना ओळखता?”

कर्णिकांनी टेबलावरचं पेन उचललं. रागाने. असा राग त्यांना कधीच आला नव्हता. कारण आजपर्यंतचा प्रत्येक राग त्यांनी बाहेर फेकला होता आणि हा एक गिळायचा होता.

“नाही,” ते म्हणाले. “ओळखत नाही.”

सही केली. चौसष्ट वर्षांत सरकारी कागदावरची त्यांची ही पहिली खोटी सही.

सलील अर्ध्या तासाने फोन घेऊन बाहेर आला. परवानगीचं काय ते नंतर कळवू, असं परमारनी सांगितलं होतं. त्याने काकांचे दोन्ही हात धरले.  त्याला प्रार्थनाघराच्या घरमालकाला भेटायचं होतं. जागा खाली करा म्हणून मालकाचा सकाळीच निरोप आला होता. तो रिक्षात बसून पुढे गेला.

कर्णिक बाकापाशी आले. “इंदिराबाई, मी…”

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “खिडकी उघडीच होती.” मग जरा थांबून, “कोंबडा तेवढा नव्हता इथे.”

कर्णिकांना ती गोष्ट आठवली, तो मागचा बाक आठवला, आणि सगळ्यांच्या देखत ओरडलेला तो शब्द आठवला. पळपुटा. ते बाकाच्या टोकाशी बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

“माफ करा मला.”

“माफ काय करायचं? मीच सांगितलं होतं म्हणायला. मुलगा सुटला माझा.” इंदिराबाईंनी पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आवाज एकदम फाटला. “पण चार महिने, भाऊ! तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. डॉक्टर म्हणाले होते, अशा पेशंटला होतेच. नाही होऊ दिली. शेवटच्या दिवशी वेणी घातली तिला. आणि आता कागदावर मी तिथे नव्हतेच. कोणी नव्हतं. लिहून ठेवलंय तसं. सही आहे तुमची.”

“मी सगळ्यांना सांगेन! बाप्तिस्म्याच्या दिवशी साक्ष द्यायची असते ना, त्या दिवशी नाव घेऊन…”

“आणि तो कागद कोणी काढून दाखवला की?”

 तेवढंही कर्णिकांना राहिलं नव्हतं. जे सगळ्यांत मोठ्याने सांगायचं, ते आता कायमचं तोंडात धरायचं होतं, आणि तोंड हीच तर त्यांची सगळी मिळकत होती.

“मला राग आलाय,” इंदिराबाई म्हणाल्या. “तुमचा नाही. कुणाचा म्हणून सांगू, मला नाव येत नाही घेता. पण आत्ता समोर तुम्ही आहात. म्हणून आत्ता माझ्याशी बोलू नका. मी बोला म्हणेपर्यंत बोलू नका.”

“बरं,” कर्णिक म्हणाले.

त्या उठल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत बसस्टॉपकडे निघाल्या. कर्णिकांची गाडी तिथेच झाडाखाली उभी होती. गाडीत बसा म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी नुसती डब्याची पिशवी उचलली आणि चार पावलं मागे ठेवून चालू लागले. ऊन रणरणत होतं. स्टॉप बराच लांब होता. मध्ये दोनदा इंदिराबाई थांबल्या, दोनदा ते थांबले. चौसष्ट वर्षांत कुणाची परवानगी न मागितलेला तो माणूस एका म्हातारीच्या पाठीकडे पाहत, पिशवी सांभाळत, तिची परवानगी मिळायची वाट बघत मुकाट चालला होता.